मैनीच्या नावापुढची हजेरी

हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल, तेव्हा तिलाही पहिल्यांदाच कळेल.

माझ्या कपाटातल्या घड्या, डब्यांवरच्या चिठ्ठ्या — तुम्ही हसता ना त्यांना? नागपूरच्या इंग्रजी शाळेनं लावलेली शिस्त. त्याच शिस्तीबद्दल लिहितेय.

ऐंशीच्या दशकात एटापल्लीच्या पलीकडे एका सरकारी शाळेत मी मुख्याध्यापिका होते. दोन खोल्या, आठवी-नववीचे वर्ग, मूठभर मुलं. सप्टेंबरअखेर पटाचा तक्ता वर जायचा — जातीप्रमाणे, मुलगे-मुली वेगळे. पहिल्या वर्षी ‘आदिवासी मुली’ या रकान्यात मी शून्य लिहिलं. तपासणीचे साहेब म्हणाले, “जंगलात शाळा, आणि एकही नाही?” सगळ्यांसमोर म्हणाले.

मग मी नाला ओलांडून एका पाड्यावर गेले. मैनीच्या वडिलांना पटवलं, तिला आठवीत आणलं. हुशार होती. रकान्यात एक आला.

ती नववीत गेली त्या पावसाळ्यात वडील आले. “बाई, दाखला दे. पोरीले चामोर्शीच्या होस्टेलात जागा भेटली. दहावी तिथीच करन.” आमच्याकडे दहावी नव्हतीच. सप्टेंबरअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती.

शाळा सोडल्याचा दाखला मी त्याच दिवशी लिहिला, सुंदर अक्षरात. मग मी त्यांना म्हणाले — शिक्का तालुक्याला गेलाय, सोमवारी या.

शिक्का कुठे होता? माझ्या ड्रॉवरमध्ये.

मैनीचे वडील तीन सोमवार आले. नाल्याला पाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. शिपाई यशवंतभाऊ एकदा म्हणाला, “बाई, शिक्का तर इथीच हाय. काऊन फिरवून राह्यले त्याले?” मी म्हटलं, आपलं काम बघा. तो म्हणाला, “माह्या बापालेही असंच फिरवत होते, बाई. पण ते फिरवणारे शिकलेले नव्हते वाटते.”

मी स्वतःला काय सांगत होते? की पट घटला तर वर्ग जाईल. खोटं. एका नावानं वर्ग जाणार नव्हता. मला तक्त्यात ते शून्य परत नको होतं — एवढंच.

तक्ता गेला. त्यानंतरच्या सोमवारी मी शिक्का काढून ठेवला होता. मैनीचे वडील दारातच थांबले. “जागा गेली, बाई. शिक्का ठेव तुयाजवळ. पोरीचं नाव काढून टाक. आता नाई येत ते.”

मैनी खरंच आली नाही.

आणि इथे — शिक्क्याचं मी कधीतरी सांगितलंही असतं, पण हे नाही — इथे मी नाव काढलं नाही. मार्चमध्ये तपासणी होती. रोज सकाळी हजेरी घेताना तिच्या नावाशी आले की आवाज न करता ‘ह’ लिहायचे. वर्गातली मुलं बघायची. मैनी पाड्यावर आधी धान कापत होती, मग मोहफुलं वेचत होती, आणि माझ्या हजेरीपटात एक दिवसही गैरहजर नव्हती.

साहेबांनी मार्चमध्ये शेरा लिहिला — नोंदी अत्यंत व्यवस्थित. तो मी घरी आणून तुमच्या आजोबांना दाखवला होता.