विभाचा सत्कार

गुलबर्ग्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ, पण नवी सिस्टीम डोळ्यांशिवाय चढवता येते का हे तपासणारी विभा एकटीच. जन्मापासून आंधळी. पडदा वाचून दाखवणारा आवाज कुठल्या पायरीवर मुका होतो, हे ती सहा वर्षं एका फुकट सिस्टीमच्या परदेशी कर्त्यांना कळवत आली होती. ते मनापासून आभार मानत. आभारांवर कुणाचं पोट भरलंय?

मग शहरातल्या एका संस्थेनं अंध मुलांसाठी कॉम्प्युटरची खोली काढली आणि शिकवायला माणूस हवा म्हणून जाहीर केलं. चौतीस वर्षांच्या विभाला पहिल्यांदा वाटलं, आता वडिलांचा हात न धरता रोज घराबाहेर पडता येईल. ही नोकरी तिला हवी म्हणजे हवीच होती.

परीक्षा सगळ्यांसमोर झाली. कुणाच्या मदतीशिवाय मशीनवर सिस्टीम चढवायची. विभाचं निम्मं काम झालं आणि नेमका डिस्क निवडताना आवाज गेला. संस्थेकडची सिस्टीम जुनी होती. हा दोष विभानंच पूर्वी कळवला होता. चुकीची डिस्क निवडली तर तिच्यावरची मुलांची बोलकी पुस्तकं पुसली जाणार. मागं कुणीतरी खुदकन हसलं. तिनं आठवून खालचा बाण दोनदा, मग टॅब, एंटर दाबलं. आवाज परत आला.

दुसरा उमेदवार खटकचिंचोळीचा शिवराज, चांगला डोळस. त्याच पायरीवर तो परीक्षकांना दोनदा विचारून पुढं गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष सोमशेखर माईकवर बोलायला उभे राहिले. विभाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

"नरहररावांचं मन मोठं," अध्यक्ष म्हणाले. "मलाच म्हणाले, माझ्या लेकीला काय कमी आहे? नोकरी गरजवंताला द्या, तिचा नुसता मान ठेवा."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत विभाचे वडील, निवृत्त हेडमास्तर नरहरराव डोळे पुसत होते. मशीनचा आवाज कुठं दगा देतो हे विभाला पाठ होतं, वडिलांचा मात्र तिनं कधी तपासलाच नव्हता. तिला भयंकर राग आला, आणि तो राग शालीखाली तसाच राहिला. फोटो काढून झाल्यावर नरहररावांनी तिचा हात धरून तिला घरी नेलं.

तिसऱ्या दिवशी मुलांच्या कॉम्प्युटरच्या खोलीतून शिवराजचा फोन आला.

"विभाक्का, ते मशीन सारखं बोलायलंय. डोकं उठलं माझं. बंद कसं करायचं?"

"मुलांना विचारलंस?"

"विचारलो की. ती बंद करू नका म्हणायलीत. म्हणून तर तुमाला फोन केलो."

"सांग की गं," शेजारून नरहरराव कौतुकानं म्हणाले. "बघ, तुझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही."



"ऱ्हाऊ द्या अक्का," शिवराज म्हणाला. "स्पीकरची वायरच काढतो."