येथे थ्रेड लावू नये

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात, आणि एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात! आमचं ऑफिस अंधेरीला. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट बनवणारा एक प्रोग्रॅम, तो लिहिणारे सावंत सर, आणि आम्ही चार-पाच टाळकी.

*

सरांचं तत्त्व म्हणजे एका वेळी एकच काम. चहा पिताना बोलायचं नाही, बोलताना प्यायचा नाही. लोक सारखं काहीतरी विचारत राहायचे, त्यामुळे सरांचा चहा कायम गार.

प्रोग्रॅमही तसाच. एकदम अनेक कामं चालवायची तर त्यात थ्रेड लागतात. इंटरव्ह्यूला आलेला एक जण उत्साहात म्हणाला, "सर, थ्रेड्समध्ये मी एक्सपर्ट आहे."

"छान. चहा घ्या आणि निघा!"

*

लिहिलेला कोड कंपाइल करून चालता प्रोग्रॅम बनवायच्या फाइलमध्ये सरांनी वरच लिहिलं होतं, "येथे थ्रेड लावू नये." खाली कोणीतरी भर घातली, "लावल्यास दंड होईल." सरांनी ती ओळ पुसली नाही. उलट आवडली त्यांना!

*

मग आली प्रज्ञा. चेंबूरची, एकदम फटकळ. प्रोबेशनवर असतानाच तिने रिपोर्टच्या पीडीएफसाठी बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेतली आणि प्रोग्रॅम मधेच अडकायला लागला. सर म्हणाले, "हे सुटेपर्यंत तुझं कन्फर्मेशन नाही." तिकडे तिच्या बाबांनी पोरगी पर्मनंट झाली म्हणून अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेले! मला खरंच वाईट वाटलं.

प्रज्ञाने कारण शोधलं. लायब्ररी आतल्या आत स्वतःचे थ्रेड चालवत होती, आणि आमचा प्रोग्रॅम थ्रेड नाहीतच असं धरून कंपाइल केलेला. दोघांचा मेळच बसेना. कंपाइल करताना थ्रेडचा ऑप्शन द्यायचा, बस्स.

"पण आपण थ्रेड वापरतच नाही," सर म्हणाले.

"आपण नाही सर, ती वापरते. आपल्याच घरात बसून."

"तो तिचा प्रश्न. माझ्या फाइलमध्ये तो शब्द येणार नाही!"

म्हटलं, लागली हिची वाट.

*

एका रविवारी सरांनी आम्हाला मुलुंडला घरी मिसळ खायला बोलावलं. सोफ्यावर बसून सांगत होते, "आमच्या घरातही तेच. एका वेळी एकच काम!" मग आत तोंड करून, "अगं, मिसळ आण."

उत्तर नाही.

"अगं, ऐकलंस का?"

सर हातात रिकामी वाटी धरून तसेच बसले. ना बोलेनात, ना उठेनात.

प्रज्ञा आत गेली, मागून मी. वहिनींचा एका शेगडीवर मिसळीचा कट, दुसरीवर आजींचा मऊ भात, तिसरीवर पावांचा तवा, कानाखांद्यात मोबाइल, मागच्या दारात इस्त्रीवाला, आणि ओट्याशी उभ्या लेकीची उजळणी. प्रज्ञाने काहीतरी विचारलं. वहिनींनी तव्यावरचे पाव न करपवता उत्तर दिलं.

बाहेर येऊन प्रज्ञा म्हणाली, "सर, वहिनी म्हणतात, आत काय काय चालू आहे ते माहीत नसेल तर बाहेरून ऑर्डरी सोडू नका."

सरांनी रिकामी वाटी खाली ठेवली. मिसळ मात्र झकास होती.

सोमवारी फाइलमधल्या दोन्ही ओळी गायब, थ्रेडचा ऑप्शन हजर. प्रोग्रॅम दिवसभर कुठे अडकला नाही. संध्याकाळी सरांनी प्रज्ञाला बोलावलं, "अभिनंदन, घरी कळव," म्हणाले आणि बोलता बोलता कन्फर्मेशनवर सही केली.

दुसऱ्या हातात चहाचा कप होता. मधे मधे घोट घेत होते, आणि चहाला वाफ येत होती!