कुपाटीवरची वाकळ

माझी नणंद कौतिकाबाई हिची आणि माझी शेवटची भेट आंगणात झाली आणि ती भेट म्हणजे भांडणच होतं. मी सुपात तांदूळ पाखडत बसले होते. आमच्या दोन घरांच्या मधे बांबूची कुपाटी आहे, तिच्या पलीकडून आवाज आला, "सुमन, मी मेली तं माहं काही नदीत टाकू देऊ नोको." मी मान वर केली नाही. म्हटलं, "तुमचं आहे काय टाकाले?" बाई हसली. "वाकर आहे ना, तुह्याच हातची," म्हणाली, म्हणजे मी शिवलेली वाकळ, आणि आत गेली. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. वीसेक दिवसांनी सकाळी तिचं दार उघडलं नाही म्हणून माझ्या मुलाने फटीतून कडी काढली, तर ती झोपेतच गेलेली. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

या सहा आठवड्यांत गावाने तिच्यावर जे प्रेम केलं ते ती जिवंत असताना कधी दिसलं नाही. चौकात फलक लागला. मधे बाईचा फोटो, रेशनकार्डावरून मोठा केलेला, आणि भोवती अकरा पुरुषांचे फोटो, प्रत्येकाचा फेटा बाईच्या डोक्यापेक्षा मोठा. खाली लिहिलं, नदीची लेक हरपली. मग शोकसभा झाली. ज्याने त्या सभेत उपरण्याने डोळे पुसले तो याच बाईला दहा वर्षं 'पन्नीवाली' म्हणून हाक मारत होता, आणि तेही बाजारात, चार लोकांत. दोन मिनिटं उभे राहिले, मग चहा झाला, प्लास्टिकच्या पेल्यांत. पेले कुठे गेले ते विचारू नका. सभामंडपाच्या मागे नाला आहे, आणि नाला कुठे जातो ते आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे. एक जण मला म्हणाला, "वहिनी, तुमी दोन शब्द बोला." मी म्हटलं, "माह्याजवळ दोन नाही, लई आहेत, तुमाले ऐकवनार नाहीत." म्हणून इथे लिहिते आहे.

कौतिकाबाई माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. तिशीच्या आत विधवा होऊन परत आली, मूल नव्हतं. भावाने शेजारच्या दोन खोल्या आणि नदीकडची धानाची एक बांधी तिला करायला दिली. ती काही समाजसेविका नव्हती, हे आधी लिहून ठेवते, कारण सभेत तिला काय काय केलं ते मी ऐकलं आहे. तिला मासोळ्या आवडायच्या, एवढंच. धानाची लावणी आटोपली की ती चुलबंदी नदीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरायची आणि हातजाळीने बारक्या मासोळ्या धरायची. दोन हजार एक-दोनचं साल असेल. एके दिवशी जाळी घेऊन ती घरी आली ती तणतणतच. जाळीत मासोळी एक नाही, नुसत्या खर्ऱ्याच्या पन्न्या! आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात. माणसं घाटाच्या दगडावर बसून खातात आणि पन्नी तिथेच सोडतात. आधी लग्नात, तेरवीत पळसाच्या पत्रावळी असायच्या. पाण्यात गेल्या तर कुजायच्या, माशांनाही चालायच्या. मग थर्माकोलच्या प्लेटा आल्या आणि त्या कुजेनात. बाईने बांबूच्या टोकाला जुना विळा बांधून आकडी केली आणि दर बाजाराच्या आदल्या सकाळी नदीवर जायला लागली. बचत गटातल्या पाच-सहा बायका सोबत जात. मीही जात होते. हसत-खिदळत, लुगडं खोचून... ते दिवस बरे होते, खोटं कशाला बोलू.

घाटावरचे पुरुष मात्र पहिल्या दिवसापासून सुटले होते. आम्ही खाली वाकलो की वरून पन्नी येई. "घ्या बाई, तुमची कमाई!" एकदा बाईने ती पन्नी उचलली, सरळ वर चढली आणि टाकणाऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. म्हणाली, "तुह्या बापानं तुले खिसा कायले शिवून देल्ला गा? झेंडावंदनाले?" सगळे हसले, तो मात्र हसला नाही. तो ते विसरलाही नाही. फलकावर अकरांमधला तिसरा फोटो त्याचा आहे. एकदा तालुक्याहून साहेब लोक आले, टोप्या घातलेली शाळेची मुलं आली, मोठं कापडी बॅनर धरून फोटो काढला, भाषण झालं. अर्ध्या तासात सगळे गाडीत बसले आणि पाण्याची रिकामी पाऊचं घाटावर अशी पसरली जशी अक्षता. बाईने पाऊचं गोळा केली आणि बॅनरही आणलं. सरपणावर झाकायला ते बरेच पावसाळे कामी आलं. "साहेबायचं हेच काम चांगलं झालं," म्हणायची.

पण पन्न्यांवरून गाव उलटलं नव्हतं. गाव उलटलं ते मेलेल्यांच्या कपड्यांवरून. आमच्यात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राखेबरोबर त्याचं अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळ्याचं गठोडं बांधून नदीत सोडतात. पूर्वीपासून सोडतात. नदीला पाणी असतं तेव्हा ते जातं. उन्हाळ्यात जात नाही, दगडाला अडकतं, फुगतं, त्यावर माश्या बसतात. बाई आकडीने ती गठोडी ओढू लागली. काठावर वाळवायची आणि जाळून टाकायची. चांगलं कापड असलं तर सोड्यात उकळून घरी न्यायची. ज्या दिवशी तिने पहिलं गठोडं ओढलं त्या दिवशी तीन बायका कामातून निघून गेल्या. "मेलेल्याची वस्तू परत आनली तं तो मागं मागं येते," म्हणत. बाई म्हणे, "येऊ दे. आला तं त्याच्या हाती आकडी देईन." अशी बोलायची. कोणाला सहन होईल?

मला सहन झालं नाही, आणि कारणही तसंच होतं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, गेला. आठ महिने अंथरुणावर होता. त्याच्या अंगाखालची वाकळ मी शिवलेली, माझ्या सहा लुगड्यांची, बारीक टाक्यांची. लग्नानंतरचं पहिलं हिरवं लुगडंही तिच्यात होतं. तिसऱ्या दिवशी पुरुषांनी ती नदीत सोडली. पाचव्या दिवशी मी आंगणात आले तर समोर कुपाटीवर ती वाकळ. ओली, धुतलेली, रस्त्याकडे पसरलेली, पाणी टपकतंय. येणारे-जाणारे थांबून बघतायत... माझ्या अंगाचा कसा जाळ झाला ते आजही सांगता येत नाही. तोवर मी तिला कधी 'तुम्ही'शिवाय बोलले नव्हते.

"काऊन वं, माह्या नवऱ्याले मरूनही निजू देत नाही का तू?" मी ओरडले.

ती वाकळीचं टोक पिळायचं सोडेना. म्हणाली, "तो निजला आहे. त्याची वाकर निजली नोहोती. घाटाच्या दगडाले अडकून होती, बैलं तेथंच पानी पिऊन राहिले होते."

"तुह्या भावाची म्हणून आनली ना?"

"माह्या भावाची म्हणून आनत नसते मी. कोनाचीही राहती तं आनली असती."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. रडली असती, भावाची आठवण म्हणाली असती, तर कदाचित मी शांत झाले असते. तिने माझ्या नवऱ्याला कोणाही माणसात टाकलं. मी म्हटलं, जाळ ती. ती म्हणाली, एवढं चांगलं शिवण जाळत नाही मी, तुले नको तं मी घेते. आणि घेतली. तिच्यावर ती झोपत होती, शेवटपर्यंत. एका कुपाटीच्या अंतरावर.

त्यानंतर चार वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. आणि नुसती गप्प बसले असते तर लिहायला एवढं जड गेलं नसतं. गटातल्या उरलेल्या बायकांना मीच सांगितलं, तिच्यासोबत गेलात तर माझ्या घरी पाऊल ठेवायचं नाही. मीच हळदी-कुंकवाला तिच्या घरावरून पुढच्या घरी गेले. विधवा तर मीही होते, पण मला सुनेसोबत बोलावत, तिला कोणी बोलावत नसे, आणि ते माझ्यामुळे. ती एकटी नदीवर जायची. येताना डोक्यावर पोतं, हातात आकडी, कुपाटीजवळ आली की मुद्दाम जोरात खोकायची, म्हणजे मी आत जाऊ शकेन. माझी सोय बघायची, बघा! मला त्याचाही राग यायचा. पुढे नातवाच्या बारशाला बोलणं सुरू झालं, पण ते मीठ-मिरचीपुरतं. गोडी काही परत आली नाही. ती आली असं मी लिहिलं तर बाई वरून आकडी मारेल.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या मुलानेच सगळं केलं, दुसरं कोण होतं? राख आणली. आंगणात गठोडं बांधलेलं होतं. दोन लुगडी, एक उशी आणि वर ती वाकळ. गावातले सात-आठ पुरुष आले होते, खर्रा खात उभे होते. मुलाने गठोडं उचलायला हात घातला आणि मी जाऊन त्यावर बसले. का बसले ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. पाय आपसूक गेले.

"माय, उठ ना," मुलगा म्हणाला.

"राख नेजो. राख पान्याचीच आहे. हे नाही."

"माय, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. त्यायले दुसरं काय येते?"

मोठ्या घरचा एक म्हातारा पुढे झाला. "वहिनी, रीत मोडू नोका. आपल्या गावाचं वाईट होईल."

मी म्हटलं, "गावाचं वाईट त्या नाल्यातून रोज जाऊन राहिलं, भाऊजी, ते नाही दिसत तुमाले? तुमच्या बापाचं गठोडं या बाईनं काढलं होतं, घाटाच्या दगडाखालून. तुमाले म्हाईत आहे. तुमी तिच्या दारासमोर थुंकले होते." तो मागे सरला. मुलगा माझ्याकडे असा पाहत होता जसा मी त्याच्या बापाचा अपमान केला. हळूच म्हणाला, "तूच तं तिले शिव्या देत होती." मी म्हटलं, "हो. देत होती. आता उठवून दाखव." तासभर बसले. कंबर गेली माझी, पण उठले नाही. शेवटी राख घेऊन ते गेले. मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. अबोला घेतलाच आहे त्याने माझ्याकडून.

गठोड्याची गाठ सोडली तेव्हा वाकळ नीट पाहिली. सात वर्षांत काठ विरले होते, तिथे तिने आपल्या लुगड्याच्या पट्ट्या लावल्या होत्या. तिचा टाका मोठा, वेडावाकडा. शिवण तिला कधी जमलं नाही. पण हिरव्या तुकड्याला तिने हात लावला नव्हता. तो फाटला होता, तरी त्यावर दुसरं कापड टाकलं नव्हतं. भोवतीने टाके घालून तो धरून ठेवला होता...

आकडी माझ्या दाराच्या सांदीत उभी आहे. मी नदीवर जाते असं सांगणार नाही. गुडघे नाहीत, आणि बाईसारखी छातीही नाही. कोणी नेत असेल तर यावं, घेऊन जावं. फलकावरच्या अकरांपैकी अजून कोणी आलं नाही. मी एवढंच करते. वाकळ दर आठवड्याला सोड्यात उकळते आणि बाजाराच्या आदल्या सकाळी कुपाटीवर टाकते, रस्त्याकडे तोंड करून, पूर्ण पसरून. घाटाकडे जाणाऱ्या बायका मान वळवतात. पुरुष खर्रा घोटत थांबतात. दुपारपर्यंत ती खडखडीत वाळते. मी संध्याकाळपर्यंत काढत नाही.