बुटातली बोटं

भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, गंगापूर रोडवरच्या एका गच्चीवर आठ-दहा माणसं कानटोपी, स्वेटर, जाकीट आणि हातमोजे घालून बुटांच्या नाड्या बांधत बसलेली असायची. शेजारपाजारचे लोक हसायचे. साळवेभाऊ मात्र लेंगा-बनियनवर, हातात यादी घेऊन फिरत असायचे. "हातमोजे काढावे लागले म्हणजे गाठ चुकली. सोड, परत बांध," असं ते घामाने निथळणाऱ्या माणसाला शांतपणे सांगायचे.

भाऊ पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि आमच्या गिर्यारोहण मंडळाचं सामान सांभाळायचे. हिमालयात निघालेल्या प्रत्येकाची सॅक त्यांच्या हाताखालून जायची. दम्यामुळे ते स्वतः कधीच गेले नाहीत. "मी बर्फ बघितला तो रसवंतीतला," म्हणायचे. थंडीचं सगळं ज्ञान त्यांनी देवळालीला, जुना लष्करी माल विकणाऱ्या दुकानांत बसून, निवृत्त जवानांना चहा पाजून मिळवलं होतं. आयांनी गुपचूप कोंबलेले सुती बनियन ते चिमटीत धरून बाहेर काढत. "हा घाम पितो आणि वर गेल्यावर अंगावरच गार पडतो. आईला सांग, माया करायची तर लोकरीची कर."

बुटांच्या बाबतीत ते फारच कडक होते. दोन जाड मोज्यांवर बूट चढवून उभं राहायचं. मग भाऊ उकिडवे बसून बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचे आणि आतली बोटं हलवायला सांगायचे. नाही हलली तर यादीतून नाव कट. एका वर्षी आमच्यातल्या सगळ्यात दणकट मुलाला त्यांनी असंच घरी बसवलं होतं. तो रडला, तरी भाऊ बधले नाहीत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मोहिमेला पहिल्यांदाच एक मुलगी निघाली, ती मी. नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि वडिलांना तयार करण्यात वर्ष गेलं होतं. मंडळाकडे लहान मापाचा एकच जोड होता. दोन मोज्यांवर तो चढवला आणि माझी बोटं एकमेकांवर चढून बसली. भाऊ सवयीने खाली बसले, हात पुढे केला आणि थबकले. परक्या मुलीच्या पायाला हात लावायचा, तोही सोबत आलेल्या तिच्या वडिलांसमोर, हे त्यांना अवघड झालं. उठत म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. बोटं हलतात का?"

"हलतात, भाऊ," मी म्हणाले.

वरच्या छावणीतून मला पाठीवर घालून खाली आणलं. घट्ट बुटात रक्त न पोचून डाव्या पायाची दोन बोटं हिमदंशाने काळी पडली होती, ती कापावी लागली. भाऊ घरी आले, बँडेजकडे बघत राहिले आणि माझ्या वडिलांना हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. मी संकोच केला. हात लावून बघायला पाहिजे होतं." मी तिथेच पलंगावर होते आणि गप्प राहिले. दुसरं काही नाही, निव्वळ भित्रेपणा होता तो.

पुढच्याच रविवारी भाऊंनी सामानाच्या खोलीची किल्ली मंडळात परत केली. पोरं विनवायला गेली, तर दारातूनच परत पाठवली. थंडी पडली की मात्र ते आमच्याकडे येऊन पाय दुखतो का, एवढं विचारून जायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. पण खोटं जसं जुनं होत गेलं, तशी माझी जीभ आणखीच जड झाली.

सात वर्षांनी त्यांचा दमा विकोपाला गेल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. वहिनी त्यांना उशीला टेकवून बसवत होत्या. बोटं हलत नव्हती, हे मी एका दमात सांगून टाकलं. भाऊ बराच वेळ खोकत राहिले.

"का नाही बोललात?"

"तुम्ही नाव कापलं असतं."

"ते कापलंच असतं. मी नंतरचं विचारतोय."

मी डावा पाय साडीखाली ओढून घेतला.

"सात वर्षं मी एकाही पोराची सॅक भरली नाही, ताई," ते म्हणाले. "माझ्याच हातावरचा माझा विश्वास उडाला होता." मग त्यांनी वहिनींकडे मान वळवली. "यांना रिक्षा बघून दे. नाक्यापर्यंत चालत पाठवू नकोस."

पंधरा दिवसांनी भाऊ गेले. मधल्या काळात मी दोनदा जाऊन आले, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.