निळ्या पट्ट्याची टाचणी

सौंसरात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते आणि ती चूक आहे. म्हाताऱ्याने टाचणीची नवी जात सापडल्याचा गाजावाजा केला आणि निवृत्त गुरुजींनी एका नजरेत त्याला खोटे पाडले, अशी ती गोष्ट. गुरुजी माझे मित्र. चतुर आणि टाचण्या या कीटकांची छायाचित्रे आम्ही दोघेही काढतो. तरीही घडले ते असे नव्हे.

तिगावजवळच्या माझ्या संत्र्याच्या बागेतून पाण्याचा एक पाट जातो. पावसाळा सरला की काठच्या गवतावर टाचण्या येतात; चतुराच्याच गोतातल्या, पण काडीसारख्या सडपातळ, बसताना पंख पाठीवर मिटून घेणाऱ्या. पिवळी टाचणी मी अनेक वर्षे टिपत आलो आहे. त्या आश्विनात मात्र एकीच्या छातीवर आभाळी निळा पट्टा दिसला. मी चिखलात पालथा पडलो, श्वास रोखला. एकच छायाचित्र मिळाले आणि ती उडाली.

‘नवी जात’ हे शब्द माझे नव्हेत. ही मी या भागात पाहिलेली नाही, एवढेच मी म्हणालो होतो.

“भाऊ, नवीनच जात भेटली तुमाले! आता नागपूरवाले तुमच्या बागेच्या धुऱ्यावर लाइन लावतीन,” हे गुरुजींचे उद्गार. बोरगावच्या शाळेतल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात ते चित्र दाराशीच, माझ्या नावासह लावायचे, हेही त्यांनीच ठरवले. मी नको म्हटले नाही. संत्र्यांखेरीज कशासाठीही माझे नाव कोणी घेतले नव्हते.

प्रदर्शनाला दोन दिवस होते. बागेत आठवडाभर बुंध्यांना बोर्डो लावणे चालू होते. डिंक्या रोग होऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचा हा निळा लेप आम्ही लावतो. लेप लावणाऱ्या बाईला मी कौतुकाने कॅमेऱ्यातले चित्र दाखवले. ती हसली.

“हे तं बोर्डो हाय, बाबाजी.”

“काहीतरी बोलू नको. टाचणीला कोण बोर्डो लावते?”

“कोनी कायले लावन? बरश झटकला का गवतावर उडते. थेच वल्लं असतानी बसली असन बिचारी. माह्या लुगड्यावर पाहा ना, हाच रंग हाय.”

मी तिच्याशी वाद घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी पालथा पडलो. ऊन चढल्यावर ती आली. तीच, निळ्या पट्ट्याची. पात्यावर बसल्या बसल्या वळली. उजवी बाजू स्वच्छ पिवळी होती. मी तेही छायाचित्र काढले.

ते पुसून टाकता आले असते. गुरुजींना कळले नसते, शाळेला कळले नसते. बाईने सांगितले असते, तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. मी तरी कुठे ठेवला होता?

दोन्ही चित्रे दाराशी शेजारी शेजारी लागली. खाली एका कागदावर मी स्वतः लिहिले: डावीकडे बोर्डो, उजवीकडे रोजची पिवळी टाचणी. फरक ओळखणारी म्हणून त्या बाईचे पूर्ण नाव, आणि त्याखाली छायाचित्रकार म्हणून माझे.

“मले तं पहिलेच डाउट आला होता,” गुरुजी त्या दिवशी चारचौघांत म्हणाले आणि आजही म्हणतात. आलेला नव्हता. तो कागद अजून शाळेच्या भिंतीवर आहे. ज्याला माझे खरे वाटत नसेल, त्याने बोरगावला जावे आणि पहिले नाव कोणाचे आहे ते वाचावे.