हात धुण्याची परीक्षा

नळाला पाणी यायचा दिवस होता. सिडकोतल्या भानुमती मॅडमच्या घरी पिंप, घागरी, पातेली, हाताला येईल ते भरणं चाललेलं, तेवढ्यात दार वाजलं. यजमान, वैजनाथराव, पाइप धरूनच म्हणाले, "घ्या, आली तुमची ओपीडी."

दारात सायली होती. वैजापूरकडची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजात प्रत्येक शिक्षिकेकडं मार्गदर्शनासाठी काही मुली दिलेल्या असत. बाकीच्या शिक्षिका हजेरी बघून सही करत. भानुमती मॅडम पूर्वी वॉर्डात सिस्टर होत्या, त्यामुळं पेशंटसारखं मुलींचंही आधी सगळं ऐकून घ्यायची त्यांना खोड. जेवण जातं का, झोप लागते का, अभ्यासाचं सगळ्यात शेवटी.

सायलीनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, शिक्षण सोडतेय. हात धुण्याच्या प्रात्यक्षिकात ती पुन्हा नापास झाली होती. उद्या शेवटची संधी. ती हुकली की वर्ष वाया, आणि वडिलांचा निरोप होता, मग घरीच ये.

मॅडमना नवलच वाटलं. इंजेक्शन देताना जिचा हात हलत नाही, ती हात धुण्यात अडकावी? न रागावता त्यांनी तिला मोरीपाशी नेलं, साबण दिला. "धू बघू."

सायलीनं हात ओले केले. फेस, बेचक्या, नखं, मनगटं, सगळं बिनचूक. पण मध्येच तिनं नळ बंद केला, खळबळताना उघडला आणि धुतलेल्या हातानं पुन्हा बंद केला.

"नळाला हात का लावलास? तो कोपरानं बंद करायचा, तोही शेवटी."

"लावला का?" सायली स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. मग हळूहळू बोलली. गावात सलग दुष्काळ, टँकर आला तर आला. वाहतं पाणी दिसलं की हात आपोआप जातो. हॉस्टेलच्या पोरी तिला नळांची वॉचमन म्हणतात.

मॅडमनी पुन्हा धुवायला लावलं. या खेपेस त्यांनी हात नाही, तिचे डोळे पाहिले. ते मोरीच्या जाळीवर खिळलेले होते, पाणी जात होतं तिथं.

"काय केलं म्हणजे तुझं लक्ष हातावर राहील गं?"

सायलीनं आधी नळ बंद केला.

"मॅडम, उद्या नळाखाली तेवढी एक बादली ठेवू द्या."