उजव्या कानाचं उत्पन्न

संस्थान विलीन झालं आणि माझे कान बाहेर आले.

यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. दरबारच्या अमलात ग्वाल्हेरला वकील कचेरीत पगडी घालूनच जायचा. मी पगडीत दोन्ही कान कोंबायचो. (सासऱ्यांना हे लग्नानंतर कळलं.) मग मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं, इंदूरहून नवे जज्ज आले, पगड्या खुंटीवर गेल्या आणि माझे सुपाएवढे कान जगापुढे उघडे पडले! पहिल्याच दिवशी मी "हुजूर" म्हणून उभा राहिलो, तर जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. माझ्या अशिलाला वाटलं, साहेबांना गहिवरून आलं. दावा हरलो.

माझे वडील, नाना, दरबारच्या दफ्तरात तीस वर्षं खर्डेघाशी केलेले. ते म्हणाले, "अरे, पगडीच घाल की! परेशानी काय आहे?"

"नाना, आता पगडी कोणी घालत नाही. लोक हसतील."

"मग आता काय रडताहेत?"

शेवटी मुंबई गाठली. तिथे कान मागे बसवून देणारा एक डॉक्टर होता. तो म्हणाला, "एका वेळी एकच. दोन्ही एकदम केले तर झोपणार कुठल्या कुशीवर?" डावा कान झकास बसला, पण माझी सगळी पुंजी त्यातच संपली. उजवा होता तिथेच! पूर्वी मी निदान दोन्हीकडून सारखा दिसायचो. आता कोर्टात डावी बाजू जज्जांकडे करून आडवा उभा राहू लागलो. समोरच्या वकिलाला वाटे, मी रुसलोय. "अहो, काही वाईट नाही दिसत," असं म्हणून बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. अक्षरशः जीव द्यावासा वाटला. बाहेर मात्र सांगितलं होतं, कानामागे गळू झालं होतं, ते कापलं.

त्याच सुमारास दिल्लीचा इन्कम टॅक्स आमच्याकडे येऊन धडकला. सगळं गाव बोटं मोडत होतं, मी एकटा खूश! कारण बाररूममध्ये ऐकलं, धंद्यासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो. मग मी कान कशासाठी कापला? हौस म्हणून? वकिलीसाठीच ना! कर वाचला की त्या पैशात उजवा कान. माझा सगळा जीव त्या वजावटीत अडकला.

"पुरावा काय?" नानांनी विचारलं.

"डॉक्टरची पावती आहे."

"पावतीने काय होतं? कान आधी बाहेर होता, याला साक्ष नको? महजर करावा लागेल!"

महजर म्हणजे प्रतिष्ठितांच्या सह्यांचा दाखला. दरबारात त्यावर वतनांचे तंटे मिटत. नानांच्या मते दिल्लीलाही त्याच्यापुढे मान तुकवावी लागणार होती. मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी मोडीत मसुदा उतरवला. 'सदरहू वकिलाचे उभय कान बाल्यापासून बाहेर, हे आम्ही खासा डोळ्यांनी पाहिले असे.' मी कोर्टात गेल्यावर ते कागद घेऊन किला गेटपासून प्रत्येक मराठी घरी चहा पीत हिंडले. गळवाची थाप संध्याकाळपर्यंत निकालात निघाली.

"तेवीस सह्या!" नाना विजयी मुद्रेने आले. "शास्त्रीबुवांनी तर वर लिहून दिलं, मुंजीत डोकं भादरून घेरा ठेवल्यावर कान अधिकच दिसले. आणि तुझ्या सासऱ्यांनी दोनदा सही केली!"

टॅक्सचा अधिकारी कानपूरकडचा, तरुण, फार सभ्य. त्याने महजर उलटा धरला, सुलटा धरला. "ये क्या लिखा है, वकील साहब?"

मला मोडी येत नाही. नानांना येते, आणि ते हट्टाने बरोबर आले होते. त्यांनी उभं राहून, दरबारात वाचावा तसा खड्या आवाजात, तो कागद हिंदी करत वाचला. बाहेरच्या बाकांवर आपापल्या कराच्या कामासाठी आलेले माझे तीन अशील बसले होते. एक तर दारात येऊन उभा राहिला! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अधिकाऱ्याने गंभीरपणे माझा डावा कान पाहिला, मग उजवा. "मान लिया, ऐसे कान से वकालत नहीं चलती. तो फिर साल भर दायें कान से कैसे चली? आमदनी तो हुई है आपकी!"

बावीस वर्षांच्या वकिलीत माझी इतकी बिनतोड उलटतपासणी कोणी घेतली नव्हती. वजावट नामंजूर. उजवा कान जन्माचा गळ्यात पडला.

माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "आप पगड़ी क्यों नहीं पहनते? पेशे की पोशाक है. उसका खर्चा मैं मान लेता."

 

घरी येऊन मुकाट्याने खुंटीवरची पगडी काढली. पण ती बेतलेली होती दोन कान कोंबलेल्या डोक्यावर! उजवीकडे बसली घट्ट, डावीकडे घसरली ती थेट डोळ्यावर. पुढची सगळी वकिली मी तशीच केली. न्यायदेवता दोन्ही डोळे बांधून बसते म्हणतात. माझा एक तरी उघडा होता, आणि तरीही मी निम्मे दावे हरलो!